सारसांचा संसार पाहणारा बादशहा

मोगल बादशहांपैकी अकबर आठवतो तो राज्यकारभारामुळे आणि शाहजहान आठवतो तो ताजमहालामुळे. या दोघांच्या मध्ये, १६०५ ते १६२७ अशी बावीस वर्षे तख्तावर असलेल्या जहांगीराच्या वाट्याला मात्र मद्याचा प्याला, न्यायाची साखळी आणि नूरजहान एवढीच ओळख आली आहे. चित्रपटांनी ती अधिकच पक्की केली. पण या बादशहाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेल्या आठवणी वाचल्या, की एक निराळाच माणूस समोर उभा राहतो. पक्ष्याने अंडे केव्हा घातले, हत्ती थंडीत का कुडकुडतो, फुलाला पाकळ्या किती, या गोष्टींत तो लहान मुलासारखा रमून जातो.

जहांगीराचा जन्म ३१ ऑगस्ट १५६९ रोजी फतेहपूर सिक्री येथे झाला. शेख सलीम चिश्ती यांच्या आशीर्वादाने पुत्रप्राप्ती झाली या श्रद्धेने अकबराने त्याचे नाव सलीम ठेवले. तारुण्यातच त्याला मद्याचे व्यसन जडले आणि पुढे ते दिवसाला वीस प्याल्यांपर्यंत गेले. हकिमाने स्पष्ट शब्दांत इशारा दिल्यावर त्याने प्रमाण उतरवले, पण मद्य आणि अफू यांची सोबत अखेरपर्यंत सुटली नाही. मुराद आणि दानियाल हे त्याचे दोघे भाऊ याच व्यसनाने गेले होते. सलीमने पित्याविरुद्ध बंड केले. १६०२ मध्ये अकबराचा विद्वान सल्लागार अबुल फजल मारला गेला, तोही त्याच्याच चिथावणीने. तख्तावर आल्यानंतर त्याचा मुलगा खुसरो बंड करून उठला. ते बंड मोडताना १६०६ मध्ये गुरू अर्जन देव यांना त्याच्या आज्ञेवरून प्राण द्यावे लागले. खुद्द खुसरोची दृष्टीही हिरावून घेण्यात आली. हा इतिहास बाजूला ठेवून जहांगीराच्या निसर्गप्रेमाविषयी बोलणे योग्य होणार नाही.

‘जहांगीरनामा’ फारसी भाषेत आहे. पणजोबा बाबर याच्या आत्मचरित्राचा आदर्श त्याच्यापुढे होता. मात्र बाबराने हिंदुस्थानातील प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चितेऱ्यांकडून त्यांची चित्रे काढून घेतली नाहीत, ही उणीव जहांगीराच्या लक्षात आली आणि त्याने ती भरून काढली. नवा प्राणी दरबारात आला, की तो त्याचे वजन करवी, मापे घेववी आणि चित्र काढून घेई. सिंहाच्या अंगी धैर्य कोठून येते, हे समजावे म्हणून त्याने मेलेल्या सिंहाचे पोट फाडून पित्ताशयाची जागा तपासली. निष्कर्ष आज हास्यास्पद वाटेल. पण ऐकीव गोष्टीवर विश्वास न ठेवता स्वतः पाहण्याची ही खोड त्या काळात दुर्मीळ होती.

१६१२ मध्ये मुकर्रब खान हा सरदार गोव्याहून काही अपूर्व जिनसा घेऊन आला. पोर्तुगीजांच्या जहाजांतून आलेल्या त्या वस्तूंत एक टर्की पक्षी होता. अमेरिकेचा हा पक्षी हिंदुस्थानात बहुधा कोणी पाहिलेला नव्हता. बादशहाने त्याचा आकार मोर आणि लांडोर यांच्याशी ताडून पाहिला. चोचीवरून लोंबणारा मांसल भाग हत्तीच्या सोंडेसारखा दिसतो, डोक्याचा आणि मानेचा रंग सरड्यासारखा बदलतो, हे त्याने नोंदवले. उस्ताद मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

अपूर्व प्राण्याचे कौतुक कोणत्याही राजाला असते. जहांगीराचे वेगळेपण रोजच्या साध्या गोष्टींत अधिक दिसते. हिवाळ्यात हत्ती सोंडेने अंगावर पाणी उडवून घेताना कापतात, हे त्याने पाहिले. माणसाला गार पाण्याचा त्रास होतो, तसा तो हत्तीलाही होत असणार, असे त्याच्या मनात आले. हत्तींसाठी पाणी कोमट करून ठेवण्याचा हुकूम सुटला. त्याने मारखोर नावाच्या रानबोकडाचा संकर परदेशी शेळ्यांशी करवला होता. त्यातून झालेल्या करडांच्या उड्या पाहताना त्याला वेळेचे भान राहत नसे. चितेऱ्याला करडू काढता येईल, पण त्याचे बागडणे कागदावर उतरवणे फार अवघड, असे त्याचे मत होते. चित्रकलेची उत्तम जाण असलेल्या माणसाचे हे मत आहे.

या सर्वांत हृद्य आहे ती सारस पक्ष्यांच्या जोडीची हकीकत. महिनाभराची असताना पकडलेली दोन पिले पाच वर्षे बादशहाच्या पदरी वाढली होती. त्यांची नावे लैला आणि मजनू. १६१८ मध्ये बादशहाचा मुक्काम गुजरातेत होता. अहमदाबादची धूळ आणि हवा त्याला मुळीच मानवली नाही. तो आजारी पडला आणि त्या शहराला त्याने नाना वाईट नावे ठेवली. (अहमदाबादकरांनी ती मनावर घेऊ नयेत.) याच कंटाळवाण्या मुक्कामाच्या काळात एके दिवशी सेवकाने वर्दी दिली, की जोडीचे मीलन झाले. सारसांचे मीलन कोणी पाहिल्याचे ऐकिवात नव्हते. पुन्हा तसे घडले तर तत्काळ कळवावे, अशी आज्ञा झाली. पुढच्या खेपेस पहाटे निरोप आला आणि हिंदुस्थानचा बादशहा पक्षी पाहण्यासाठी लगबगीने निघाला.

पुढे मादीने दोन अंडी घातली. रात्रभर ती अंड्यांवर बसे आणि नर शेजारी पहाऱ्यावर उभा राही. एकदा मुंगसासारखे जनावर जवळ आले, तेव्हा नर त्याच्यावर धावून गेला. उजाडले की तो मादीजवळ येऊन चोचीने तिची पाठ खाजवी, मग ती उठे आणि तो तिच्या जागी बसे. चौतीस दिवसांनी पिले बाहेर आली. आईबाप त्यांना टोळ आणि किडे भरवू लागले. नर पिलाला पायाला धरून उलटे लटकवत नेतो असे पाहिल्यावर बादशहा घाबरला. पिलाला इजा होईल म्हणून त्याने नराला वेगळे ठेवायला सांगितले. नंतर ही त्याची माया आहे असे लक्षात आले, तेव्हा बापलेकांची पुन्हा भेट घडवण्यात आली. शेकडो वर्षांपूर्वीची ही टिपणे पक्षिनिरीक्षणाचा उत्तम नमुना मानली जातात. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोगल बादशहांच्या निसर्गाभ्यासावर लेखमाला लिहिली होती.

१६२० च्या वसंतात जहांगीर काश्मीरमध्ये होता. तेथील फुलांची गणना करता येणार नाही असे त्याला वाटले, तरी मन्सूरने शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली. त्यांतील फारच थोडी आज उरली आहेत. तांबड्या ट्युलिपचे एक चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठात जपलेले आहे. मन्सूरच्याच नावावर असलेले सैबेरियन क्रौंचाचे चित्र कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात आहे. युरोपीय शास्त्रज्ञाने या पक्ष्याचे वर्णन केले ते १७७३ मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनी. भरतपूरला हिवाळ्यात येणारे हे क्रौंच २००२ नंतर तेथे दिसले नाहीत. सेंट पीटर्सबर्ग येथील एका चित्रात डोडो आहे. तेही मन्सूरचे असावे असे मानले जाते. डोडो सतराव्या शतकातच पृथ्वीवरून नाहीसा झाला.

याच हातांनी बंदूकही चालवली. राज्यारोहणाला अकरा वर्षे होत असताना जहांगीराने आपल्या शिकारीचा हिशेब करवला. बाराव्या वर्षापासून तोवर त्याने स्वतः मारलेल्या प्राण्यांची संख्या १७,१६७ भरली. त्यांत १०,३४८ तर नुसती कबुतरे होती. एकदा नीलगाय नेमकी टप्प्यात आली असताना एक मोतद्दार आणि दोन भोई मध्ये आले व सावज पळाले. बादशहाने मोतद्दाराला जागच्या जागी ठार करवले आणि भोयांच्या पायांच्या शिरा तोडवल्या. हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हत्तीची थंडी जाणणारे मन भोयाच्या वेदनेपाशी थबकले नाही. दरबाराच्या रीतीने या विसंगतीचा पूर्ण उलगडा होत नाही.

दख्खनबाबत तर त्याची सत्यनिष्ठाही ढळली. अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याने मोगलांना सळो की पळो करून सोडले होते. तेव्हा जहांगीराने, आपण त्याच्या कापलेल्या मस्तकावर बाण सोडत आहोत, असे चित्र अबुल हसनकडून काढवले. प्रत्यक्षात अंबर कधीच हाती लागला नाही. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही फौजांना धूळ चारली. शहाजीराजे त्या वेळी अंबराच्या बाजूने लढले होते. सारसाचे पीस न् पीस खरे हवे असणाऱ्या बादशहाला शत्रूबाबत मात्र मनोराज्य पुरले.

पन्नाशी गाठल्यावर बंदूक खाली ठेवायची, असा त्याचा पूर्वीचा संकल्प होता. नातू शुजा गंभीर आजारी पडला तेव्हा, तो बरा व्हावा म्हणून, आपल्या हातून कोणत्याही जिवाला इजा करणार नाही असे त्याने व्रत घेतले. शुजा वाचला आणि जवळपास पाच वर्षे व्रत पाळले गेले. पण त्याच शुजाचा बाप खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याने बंडाची पावले उचलली, तेव्हा त्या दुःखात आणि संतापात जहांगीराने बंदूक पुन्हा हाती घेतली. त्याच सुमारास हातात लेखणी धरवेना. आठवणी लिहिण्याचे काम त्याने मुतमद खानाकडे सोपवले.

१६२७ च्या शरद ऋतूत काश्मीरहून लाहोरकडे परतताना वाटेत बैरमगल्ला येथे त्याने शिकार केली. हाकारे हरणे कड्याच्या कडेला आणत आणि तो खालून गोळी झाडी. जखमी हरिण आणायला गेलेल्या एका प्याद्याचा पाय घसरला आणि तो कड्यावरून कोसळून मेला. बादशहा फार हादरला. त्याने त्या प्याद्याच्या आईला बोलावून घेतले आणि तिला द्रव्य दिले, पण त्याचे मन ताळ्यावर आले नाही. जणू मृत्यूनेच त्या रूपात आपल्याला दर्शन दिले, असे त्याला वाटत राहिले. मुक्काम हलला आणि प्रकृती ढासळत गेली. वाटेत त्याने मद्याचा प्याला मागवला, पण घोट घशाखाली उतरला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचे निधन झाले. लाहोरजवळ शाहदरा येथे, रावी नदीपलीकडच्या एका बागेत त्याची कबर आहे.