पाचशे रुपयांचा पंतप्रधान

वांद्रे पूर्वेला स्थानकाबाहेर पडून कलानगरकडे निघालेल्या माणसाला खेरवाडी आणि खेरनगर ही नावे रोजच भेटतात. रिक्षाच्या रांगेत, बसच्या पाटीवर, म्हाडाच्या वसाहतींच्या पत्त्यांत ती इतकी रुळली आहेत की, हे खेर कोण, हा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. या वस्तीला लागूनच वांद्रे-कुर्ला संकुल आहे. बँका, दलाली पेढ्या आणि शेअर बाजाराच्या काचेच्या इमारतींत तेथे कोट्यवधींचे वार्षिक वेतन घेणारे अधिकारी बसतात. संचालकाचा पगार आपल्या कंपनीतील मध्यम कर्मचाऱ्याच्या किती पट आहे, हे शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांनी जाहीर करावे, असे बंधन २०१३ च्या कंपनी कायद्याने घातले. ज्यांच्या नावाने शेजारची वस्ती ओळखली जाते, त्या बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळापुढे हाच पटीचा हिशेब १९३७ साली उभा होता; आणि त्याची सुरुवात त्यांना स्वतःच्या पगारापासून करावी लागली होती.

बाळासाहेब खेर यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीत एका सामान्य परिस्थितीतील कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपणाचा काही काळ जमखंडी संस्थानातील कुंदगोळ येथे गेला. पुण्यात शालेय शिक्षण आणि मुंबईत विल्सन महाविद्यालयातून पदवी, असा त्यांचा प्रवास झाला. संस्कृतचा व्यासंग तेव्हापासूनचा. पुढे ते सॉलिसिटर झाले आणि मणिलाल-खेर ही त्यांची कचेरी मुंबईत नावारूपाला आली. हा व्यवसाय चांगली मिळकत देणारा होता. स्वराज्य पक्षाच्या कामातून ते राजकारणात आले आणि १९३० व १९३२ च्या सविनय कायदेभंगात त्यांनी सक्तमजुरीची शिक्षा भोगली. त्यानंतर मात्र वकिलीपेक्षा सार्वजनिक काम वरचढ ठरत गेले. वांद्र्याला लागून असलेल्या खारमध्ये त्यांचे वास्तव्य होते.

पगाराचा प्रश्न त्या काळी राजकारणाच्या केंद्रस्थानी होता. मिठाच्या सत्याग्रहाआधी, मार्च १९३० मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिलेल्या पत्रात थेट त्यांच्या वेतनाचाच हिशेब मांडला होता. महिन्याला २१ हजारांहून अधिक रुपये घेणाऱ्या या अधिकाऱ्याची मिळकत सरासरी भारतीयाच्या पाच हजार पटींहून जास्त भरते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी कराची काँग्रेसने ठराव केला, की तज्ज्ञांसारखे अपवाद वगळता सरकारी सेवकाचा पगार सामान्यतः महिना ५०० रुपयांपेक्षा अधिक असू नये. प्रांतिक निवडणुकांसाठी काँग्रेसने जाहीरनामा काढला, तेव्हा या कराची ठरावाचा त्यात पुनरुच्चार होता. उमेदवार मते मागायला गेले ते हे वचन घेऊन.

निवडणुकीनंतर १७५ जागांच्या मुंबई विधानसभेत काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरला. नेतेपदासाठी के. एफ. नरिमन यांचे नाव अनेकांच्या तोंडी होते. निवड झाली ती तुलनेने अपरिचित असलेल्या खेर यांची. त्यावरून मोठा वाद झाला. सरदार पटेलांवरील नरिमन यांचे आरोप गांधीजी आणि बहादुरजी यांच्या चौकशीत फेटाळले गेले, पण कटुता उरलीच. अधिकारग्रहणाबाबत काँग्रेसचा निर्णय लांबला, तोवर धनजीशा कूपर यांचे अल्पमतातील मंत्रिमंडळ कारभार पाहत होते. १९ जुलै १९३७ रोजी खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. प्रांताच्या मुख्य मंत्र्याला त्या वेळी पंतप्रधानच म्हणत.

काँग्रेस मंत्र्यांनी घर आणि वाहनाची सोय वगळता महिना ५०० रुपये घ्यायचे ठरले. हा आकडा कुठे बसत होता? मुंबईच्या गव्हर्नरचे वेतन १९३५ च्या कायद्याने वर्षाला १ लाख २० हजार, म्हणजे महिना १० हजार होते. गिरणी कामगाराला महिन्याकाठी पंचवीस-तीस रुपयांच्या आसपास मिळत. कामगाराच्या सुमारे वीसपट मंत्री आणि मंत्र्याच्या वीसपट गव्हर्नर, अशी ही उतरंड होती. शिवाय सनदी अधिकाऱ्यांच्या वेतनाला कायद्याचे संरक्षण होते. मंत्र्यांच्या हाताखालचे सचिव त्यांच्या कितीतरी पट पगार घेत आणि त्याला हात लावण्याचा अधिकार मंत्र्यांना नव्हता. जी कात्री लावायची ती स्वतःलाच, इतकेच त्यांच्या हाती होते.

मंत्र्यांच्या वेतनाचे विधेयक ऑगस्ट १९३७ मध्ये विधानसभेत आले, तेव्हा त्याची सर्वांत कसून चिकित्सा केली ती स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. समाजाचे राहणीमान, पदासाठी लागणारी पात्रता, लोकशाही आणि कारभाराची शुद्धता या चार कसोट्यांवर वेतन ठरले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. केवळ त्यागाची खूण म्हणून ठरवलेला आकडा या कसोट्यांवर टिकतो काय, ही त्यांची शंका होती. श्रमिकांच्या पक्षाच्या नेत्याने मंत्र्यांच्या कमी पगारावर आक्षेप घ्यावा, हे वरवर विचित्र वाटेल. परंतु ज्याच्या घरी मिळकत नाही त्याला मंत्रिपद परवडणार कसे, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहतो. खेर यांच्यासारख्या सॉलिसिटरला तो तितकासा जाचला नसावा.

खरी कसोटी मात्र मंत्र्यांच्या नव्हे, कामगारांच्या पगारावर होती. खेर सरकारने जयरामदास दौलतराम यांच्या अध्यक्षतेखाली कापड गिरणी कामगारांच्या वेतनाची चौकशी समिती नेमली. तिच्या १९३८ मधील अंतरिम अहवालाने वेतनवाढीची शिफारस केली आणि ती अमलातही आली. त्याच वर्षी सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधीचा संप त्यात बेकायदा ठरत होता. आंबेडकर आणि कम्युनिस्ट पुढारी या प्रश्नावर एकत्र आले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा मोठा संप झाला, पोलिसांचा गोळीबारही झाला. पाचशे रुपयांत राहणाऱ्या मंत्रिमंडळाबद्दल गिरणगावात आदर नव्हता असे नाही. पण संपाचा हक्क गमावून तो जपायला कामगार तयार नव्हते. सरकारने विधेयक मागे घेतले नाही. खेर यांच्या कारकिर्दीवरील हा डाग सौम्य शब्दांत पुसता येणारा नाही.

खोतीच्या बाबतीत त्यांची वाटचाल अशीच दीर्घसूत्री राहिली. आंबेडकरांनी १९३७ मध्येच खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला, शिष्टमंडळ खेर यांना भेटले. विधेयक पुढे सरकले नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या खेर यांना खोतीचे स्वरूप कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अखेर खोती निर्मूलनाचा कायदा झाला तो १९४९ साली, त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत.

पहिले मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९३९ मध्ये पायउतार झाले होते. तत्पूर्वी दारूबंदीने बुडणारा महसूल भरून काढण्यासाठी मुंबईतील स्थावर मालमत्तेवर १० टक्के कर बसवून सरकारने घरमालकांचा रोष ओढवून घेतला होता. पुन्हा तुरुंगवास, ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाचे काम आणि १९४६ मध्ये पुन्हा सत्ता, असा पुढचा क्रम आहे. युद्धकाळातील महागाईनंतर पाचशे रुपयांची मर्यादा टिकली नाही. मंत्र्यांच्या वेतनवाढीवर गांधीजींनी ‘हरिजन’मधून प्रश्न उपस्थित केले. १९५२ पर्यंतच्या या सहा वर्षांत भाडेनियंत्रण, कुळकायदा आणि गृहनिर्माण मंडळ ही कामे झाली.

त्यानंतर खेर लंडनला भारताचे उच्चायुक्त म्हणून गेले. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १९५५ मध्ये राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद. ८ मार्च १९५७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीची धामधूम तेव्हा सुरू होती आणि संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसचे उमेदवार एकामागून एक पडत होते.