विश्लेषण : चिखलात रुतलेल्या लष्करी ट्रकांनी आयझेनहॉवर यांना काय शिकवले?

अमेरिकेच्या महामार्गांचे शिल्पकार मानले जाणारे अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर (१८९०-१९६९) यांनी रस्त्यांचा पहिला धडा ट्रकांच्या ताफ्यात घेतला होता.

१९१९मध्ये काय घडले?

पहिल्या महायुद्धात रणगाडा दलाला प्रशिक्षण देण्यातच त्यांचा वेळ गेला. आघाडीवर जाण्याची संधी हुकली, करिअर थांबल्यासारखे झाले. अशा वेळी ते निरीक्षक म्हणून एका लष्करी ताफ्यात सामील झाले. ७ जुलैला वॉशिंग्टनहून निघालेल्या ८१ वाहनांना सॅन फ्रान्सिस्को गाठायला ६२ दिवस लागले. अंतर सुमारे ५,२०० किमी, वेग ताशी जेमतेम १० किमी.

ट्रक का रखडले?

बहुतेक ट्रकांना भरीव रबराचे टायर होते. ते चिखलात आणि वाळूत रुतत. वजनाने लाकडी पूल मोडत. फॅन बेल्ट, क्लच बिघडले की सोबतच्या फिरत्या वर्कशॉपमध्ये दुरुस्ती व्हायची. खराब रस्ते आणि अर्धवट प्रशिक्षित चालक, दोन्हींवर आयझेनहॉवर यांनी अहवालात बोट ठेवले.

पुढे काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी जर्मनीचे प्रशस्त महामार्ग पाहिले. अध्यक्ष झाल्यावर २९ जून १९५६ रोजी त्यांनी सुमारे ६६,००० किमी महामार्गांच्या कायद्यावर सही केली.

आज काय उरले आहे?

२००९ आणि २०१९मध्ये जुनी लष्करी वाहने जपणाऱ्या हौशी मंडळींनी दुरुस्त केलेले ट्रक घेऊन पुन्हा देश ओलांडला. या वेळी रस्ते पक्के होते. परीक्षा फक्त जुन्या इंजिनांची होती.