चांदीवर उजळलेला रामन परिणाम

लॅबमध्ये ‘रामन स्पेक्ट्रोमीटर’ हे नाव ऐकलं असेल. पण तो रामन आधी सरकारी हिशेब बघायचा, हे माहितीये? चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, कलकत्त्यात अर्थखात्यात अधिकारी झाले. ऑफिसच्या आधी आणि नंतर बहुबाजारातल्या संस्थेत प्रयोग चालायचे. १९१७ मध्ये त्यांनी ती पक्की नोकरी सोडून कमी पगाराची प्राध्यापकी घेतली. तुमच्या घरी हे सांगून बघा!

१९२१ च्या विलायतवारीत भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना पछाडलं. अखेर २८ फेब्रुवारी १९२८ ला रंग बदललेला फिकट प्रकाश हाती लागला. रेणू थरथरतो, म्हणून विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किंचित सरकतो. प्रत्येक रेणूचा वेगळा, जणू बोटांचा ठसाच. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं. सोबत राबलेले के. एस. कृष्णन मागेच राहिले, हे मला आजही खटकतं.

पण घोळ असा, की कोटीभर फोटॉनमध्ये असा जेमतेम एखादा. रेणू थोडे असले की ठसा दिसायचाच नाही. १९७० मध्ये रामन गेले. चारच वर्षांनी साउदम्प्टनमध्ये खडबडीत चांदीवर चिकटलेल्या पिरिडिनचा ठसा चक्क ठळक उमटला. नुसतं पृष्ठभाग वाढल्याने हे होत नाही, हे १९७७ मध्ये कळलं. चांदीच्या नॅनो उंचवट्यांवर इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर डोलतात, तिथलं विद्युतक्षेत्र प्रचंड वाढतं आणि रामन संकेत लाखो पटींनी उजळतो. १९९७ मध्ये तर एकटा रेणूही सापडला.