नॅट क्लिफ्टन : साडेबारा हजार डॉलरचा करार

अमेरिकेतील शिकागो शहरात ३१ ऑगस्ट १९९० रोजी एका टॅक्सीचालकाचे आपल्या टॅक्सीतच हृदयविकाराच्या झटक्याने निधन झाले. त्यांचे वय ६७ वर्षांचे होते. टॅक्सी चालविणारे हे उंचेपुरे गृहस्थ म्हणजे नॅट ऊर्फ 'स्वीटवॉटर' क्लिफ्टन. ज्या खेळाडूंमुळे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमधील वर्णभेदाची भिंत कोसळली, त्यांपैकी ते एक होते. आज एनबीएतील बहुसंख्य खेळाडू कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांचे करार कोट्यवधी डॉलरचे असतात. त्या वैभवाच्या आरंभी क्लिफ्टन यांचा एक करार आहे. त्या करारातून त्यांच्या पदरी काय पडले, हीच त्यांच्या जीवनाची कथा होय.

क्लिफ्टन यांचा जन्म १३ ऑक्टोबर १९२२ रोजी दक्षिणेकडील आर्कान्सा राज्यात झाला. त्यांचे मूळ नाव क्लिफ्टन नॅथॅनियल. ते लहान असतानाच त्यांचे कुटुंब, त्या काळातील हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांप्रमाणे, दक्षिण सोडून शिकागोला आले. बालपणी गोड पेयांची फार आवड असल्याने त्यांना 'स्वीटवॉटर', म्हणजे 'गोड पाणी', हे टोपणनाव पडले. शिकागोच्या ड्युसेबल विद्यालयात त्यांचा खेळ गाजू लागला. मात्र वृत्तपत्रांच्या मथळ्यात 'नॅथॅनियल' हे आडनाव मावेना. तेव्हा त्यांनी नाव आणि आडनाव यांची अदलाबदल केली आणि ते नॅथॅनियल क्लिफ्टन झाले.

पुढे न्यू ऑर्लीन्स येथील झेवियर विद्यापीठात त्यांनी शिक्षण घेतले. दुसऱ्या महायुद्धामुळे शिक्षण थांबले आणि ते सैन्यात दाखल झाले. युरोपातील सेवेनंतर मायदेशी परतलेल्या या तरुणापुढे प्रश्न होता तो खेळायचे कोठे, हा. त्या काळी मोठ्या व्यावसायिक स्पर्धांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना जवळपास बंदच होते. मोजके अपवाद वगळता कृष्णवर्णीय खेळाडूंना गावोगाव फिरून सामने खेळणाऱ्या संघांतच उपजीविका शोधावी लागे. क्लिफ्टन यांनीही तोच मार्ग धरला.

प्रथम ते न्यूयॉर्क रेनेसाँ अर्थात 'रेन्स' या नामवंत कृष्णवर्णीय संघात गेले. एप्रिल १९४८ मध्ये व्यावसायिक संघांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना या संघाने मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध खेळला. लेकर्सकडे जॉर्ज मायकन हा त्या काळचा सर्वांत बलाढ्य खेळाडू होता आणि त्याने एकट्याने ४० गुण मिळविले. तरीही लेकर्सला विजय मिळाला तो ७५-७१ असा निसटता. ज्या संघांना मोठ्या स्पर्धेत प्रवेश नव्हता, त्यांचा दर्जा काय होता, हे त्या आकड्यांवरून स्पष्ट होते.

त्याच वर्षी क्लिफ्टन हार्लेम ग्लोबट्रॉटर्समध्ये दाखल झाले. एब सेपरस्टाइन यांच्या मालकीचा हा संघ खेळाइतकाच करमणुकीसाठी प्रसिद्ध होता. क्लिफ्टन यांचे पंजे इतके मोठे होते की चेंडू एका हातात सहज मावे. तो चेंडू हवेत फिरवून, प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देऊन प्रेक्षकांना हसविण्याची कला त्यांना चांगलीच साधली होती. उन्हाळ्यात ते व्यावसायिक बेसबॉलही खेळत. जेथे मानधन मिळेल तेथे जायचे आणि पुढच्या गावी निघायचे, असा तो फिरस्तीचा व्यवसाय होता.

बास्केटबॉलमधील वर्णभेदाला एक आर्थिक बाजूही होती. १९४९ साली दोन स्पर्धांच्या विलीनीकरणातून राष्ट्रीय बास्केटबॉल संघटना, अर्थात एनबीए, अस्तित्वात आली. या नव्या स्पर्धेला प्रेक्षक कमी मिळत. ग्लोबट्रॉटर्सचा सामना त्याच मैदानावर त्याच दिवशी ठेवला की मात्र प्रेक्षागृह भरून जाई. कृष्णवर्णीय खेळाडूंना आपल्या संघात घेतले तर सेपरस्टाइन नाराज होतील आणि हे उत्पन्न बुडेल, अशी धास्ती अनेक संघमालकांना वाटत होती. पूर्वग्रहाला अशी व्यवहाराची जोड मिळाली होती.

ही कोंडी १९५० मध्ये फुटली. एप्रिल महिन्यात बोस्टन सेल्टिक्सने खेळाडूंच्या निवडीत चक कूपर यांचे नाव पुकारले. एनबीएच्या निवडीत कृष्णवर्णीय खेळाडूची वर्णी लागण्याचा हा पहिलाच प्रसंग. वॉशिंग्टन कॅपिटल्सने अर्ल लॉइड आणि हॅरोल्ड हंटर यांना निवडले. हंटर यांनी सर्वप्रथम करार केला. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यांना संघातून वगळण्यात आले. मे महिन्यात न्यूयॉर्क निक्सने क्लिफ्टन यांच्याशी करार केला. करारबद्ध होऊन एनबीएच्या मैदानात प्रत्यक्ष उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून त्यांची नोंद होते, ती याच कारणाने. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी लॉइड पहिला सामना खेळले, दुसऱ्या दिवशी कूपर आणि त्यानंतर काही दिवसांतच क्लिफ्टन मैदानात उतरले.

क्लिफ्टन यांच्यासाठी निक्सने ग्लोबट्रॉटर्सला १२,५०० डॉलर मोजले. ही रक्कम ५,००० डॉलर असल्याचे सांगून सेपरस्टाइन यांनी आपल्याला तिचा अर्धा वाटा म्हणून २,५०० डॉलर दिले, असे क्लिफ्टन पुढे सांगत. खरा आकडा त्यांना नंतर कळला. ज्या कराराने इतिहास घडला, त्या करारातील आपली किंमतच त्यांना ठाऊक नव्हती.

निक्समध्ये आले तेव्हा ते २८ वर्षांचे होते. खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे फिरस्तीत सरली होती. शिवाय निक्सला त्यांच्याकडून वेगळेच काम हवे होते. प्रतिस्पर्धी संघातील सर्वांत उंच खेळाडूला रोखणे आणि हुकलेला चेंडू उडी मारून ताब्यात घेणे, म्हणजेच रिबाउंड मिळविणे, ही जबाबदारी त्यांच्यावर आली. साधारण साडेसहा फूट उंचीच्या क्लिफ्टन यांना अनेकदा आपल्याहून उंच खेळाडूंशी झुंजावे लागे. चेंडूवरील हुकमत आणि हातचलाखी यांना तेथे फारसा वाव नव्हता. ग्लोबट्रॉटर्सचा हा तारा एनबीएत कष्टकरी खेळाडू झाला. त्यांनी हा बदल स्वीकारला; पण आपल्या खेळाचा उत्तम भाग एनबीएच्या प्रेक्षकांनी पाहिलाच नाही, ही खंत त्यांना राहिली.

त्यांच्या आगमनानंतर निक्सने सलग तीन वर्षे अंतिम फेरी गाठली. १९५१ मध्ये रोचेस्टर रॉयल्सविरुद्ध पहिले तीन सामने गमावल्यावर निक्सने पुढील तीन जिंकून बरोबरी साधली. निर्णायक सातवा सामना मात्र ७९-७५ असा हातचा गेला. १९५२ आणि १९५३ मध्ये मिनियापोलिस लेकर्सने त्यांना हरविले. विजेतेपद क्लिफ्टन यांच्या नशिबी आले नाही. मैदानाबाहेरची परिस्थितीही कठीण होती. कित्येक शहरांत कृष्णवर्णीय खेळाडूंना सहकाऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे आणि उपाहारगृहांत प्रवेश नाकारला जाई.

सात हंगाम ते निक्सकडून खेळले. १९५७ मध्ये, वयाच्या ३४ व्या वर्षी, निवडक खेळाडूंच्या 'ऑल-स्टार' सामन्यासाठी त्यांची निवड झाली. इतक्या उशिरा हा मान प्रथमच मिळविणारे ते सर्वांत वयस्कर खेळाडू ठरले. त्याच वर्षी निक्सने त्यांना पिस्टन्स संघाकडे पाठविले. डेट्रॉइटमध्ये एक हंगाम खेळल्यावर १९५८ मध्ये त्यांची एनबीएतील कारकीर्द संपली. आठ हंगामांत प्रत्येक सामन्यामागे सरासरी १० गुण आणि आठ रिबाउंड, ही त्यांची कामगिरी.

त्यानंतर पुन्हा फिरस्ती सुरू झाली. सेपरस्टाइन यांनी १९६१ मध्ये एनबीएला पर्याय म्हणून नवी स्पर्धा उभारली, तेव्हा तिच्यातील शिकागो मेजर्स संघातून क्लिफ्टन खेळले. ज्यांनी आपला वाटा कमी दिला, त्यांच्याच स्पर्धेत वयाच्या ३९ व्या वर्षी उतरण्यावाचून फारसा पर्याय उरला नव्हता. तेथील खेळ आटोपल्यावर त्यांनी शिकागोत टॅक्सी चालविण्यास प्रारंभ केला आणि अखेरपर्यंत तोच व्यवसाय केला.

एनबीएने १९६५ मध्ये खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन योजना लागू केली, तेव्हा आधीच निवृत्त झालेल्यांना तिच्यातून वगळण्यात आले होते. किमान पाच हंगाम खेळलेल्या जुन्या खेळाडूंना १९८८ च्या करारानंतर तिचा लाभ मिळाला. क्लिफ्टन त्यानंतर दोनच वर्षे जगले.

मरणोत्तर सन्मान मात्र येत राहिले. समाजासाठी झटणाऱ्या नागरिकांचा गौरव करणारा पुरस्कार निक्सने त्यांच्या नावाने सुरू केला. बास्केटबॉलच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये लॉइड यांचा २००३ मध्ये, क्लिफ्टन यांचा २०१४ मध्ये आणि कूपर यांचा २०१९ मध्ये समावेश झाला. २०२३ मध्ये क्लिफ्टन यांच्या जीवनावरील चित्रपटही प्रदर्शित झाला.

क्लिफ्टन यांच्या नावावर अजिंक्यपद नाही की गुणांचा विक्रम नाही. मिळेल त्या संघातून, मिळेल त्या मोबदल्यात खेळून त्यांनी संसार चालविला. मात्र त्यांच्यासारखे तिघे-चौघे १९५० मध्ये मैदानात उतरले आणि टिकून राहिले, म्हणूनच नंतरच्या पिढ्यांना प्रवेशासाठी झगडावे लागले नाही. त्या प्रवेशाचे मोल आज सारे जाणतात. ते ज्यांनी चुकविले, त्यांच्या हाती त्यातले २,५०० डॉलर तेवढे आले होते.