बॅबेजचं मशीन आणि आमची मेस

माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वाचकांनी सांभाळून घ्याव्यात. लिहायला बसायचं कारण म्हणजे आमचा मिनी प्रोजेक्ट, होस्टेलच्या मेसच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर. पहिल्याच रिव्ह्यूला गाईड मॅडमनी ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स मागितलं. तक्ता साधाच असतो. डावीकडे गरज, तिच्यासमोर ती भागवणारा भाग, शेवटी त्याची टेस्ट. मी हौसेने चॅट घातलं होतं आणि वेळ पुरेना म्हणून महिन्याच्या बिलाची प्रिंट उडवली होती. चॅट कोणी मागितलं, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी गप्प. त्या म्हणाल्या, जा, आधी चार्ल्स बॅबेज वाच.

बॅबेज म्हणजे कॉम्प्युटरचा जनक, दोन मार्कांचा प्रश्न, एवढंच मला ठाऊक होतं.

त्यांचा जन्म १७९१ मध्ये लंडनचा. १८२१ मध्ये ते मित्र जॉन हर्शेल यांच्यासोबत खगोलशास्त्राची कोष्टकं तपासत होते. पानोपानी चुका! अशाच छापील कोष्टकांवर तेव्हा जहाजं चालायची. बॅबेज वैतागले आणि त्यांनी ठरवलं, हे काम यंत्राने व्हायला हवं. गरज एका ओळीची होती: बिनचूक छापील कोष्टकं.

आता तक्ता भरून बघा. आकडेमोडीत चूक होते, म्हणून डिफरन्स इंजिन. फरकांच्या पद्धतीत गुणाकार लागत नाही, नुसत्या बेरजेवर भागतं, म्हणून दातेरी चाकं पुरतात. पण चूक नक्कल करताना आणि खिळे जुळवतानाही होते, म्हणून छपाईसुद्धा त्याच यंत्राने करायची. मला आधी वाटलं होतं की छपाई म्हणजे जादा हौस. उलट तीच मूळ गरजेला थेट जोडलेली होती. (इथे मला आमची उडवलेली प्रिंट आठवली.)

१८२२ मध्ये छोटं मॉडेल झालं, १८२३ मध्ये सरकारने १५०० पौंड दिले. जोसेफ क्लेमेंट नावाचा निष्णात कारागीर मिळाला. पूर्ण यंत्राला सुमारे २५ हजार भाग लागणार होते. १८२७ मध्ये वडील आणि पत्नी जॉर्जियाना दोघंही गेले, तरी बॅबेज थांबले नाहीत. १८३२ मध्ये यंत्राचा साधारण एक सप्तमांश भाग जोडून झाला आणि तो चाललाही! पण पैसे आणि वर्कशॉप हलवणं यावरून क्लेमेंटशी बिनसलं आणि १८३३ मध्ये काम बंद पडलं.

खरी गंमत पुढे आहे. १८३४ मध्ये त्यांना ॲनालिटिकल इंजिन सुचलं, कुठलंही गणित करू शकणारं. कल्पना भन्नाट, आज आपण त्यांना ओळखतो ते तिच्यामुळेच. पण सरकारने मागितली होती कोष्टकं. जुनं पुरं करायचं की नवं सुरू करायचं, हाच घोळ वर्षानुवर्षं चालला. १७ हजारांवर पौंड खर्चून १८४२ मध्ये सरकारने हात वर केले. त्यांना वेडं म्हणायला माझी जीभ धजत नाही, कारण नव्या यंत्राच्या अभ्यासातूनच पुढे डिफरन्स इंजिन नंबर दोनचं सुटसुटीत डिझाईन निघालं, फक्त ८ हजार भागांचं. पण तेही सरकारने घेतलं नाही.

दरम्यान स्वीडनच्या शॉट्झ बापलेकांनी त्यांच्याच कल्पनेवरून १८५३ मध्ये लहानसं यंत्र पूर्ण केलं, छपाईसकट. बॅबेजनी जळफळाट न करता त्यांना पाठिंबा दिला, हे मला फार आवडलं.

१८७१ मध्ये ते गेले. त्यांचं नंबर दोन लंडनच्या सायन्स म्युझियमने १९९१ मध्ये बनवून चालवलं. छपाईचा भाग जोडून यंत्र पुरं व्हायला मात्र २००२ उजाडलं.

आमच्या तक्त्यात चॅटची ओळ आता नाही. प्रिंटची परत आलीय, पण तिच्या टेस्टचा रकाना अजून कोराच आहे. मेस सेक्रेटरी रोज जेवताना विचारतो.