बँकरने विकत घेतलेली दलदल

रॉथ्सचाइल्ड म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? पैसा, बँक आणि पुन्हा पैसा! पण याच घराण्यातल्या चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांना (जन्म १८७७, लंडन) खरं वेड होतं ते किड्यांचं. केंब्रिजला शिकले, मग घरच्या बँकेत काम. दिवसभर हिशेब आणि उरलेल्या वेळात पिसवा. होय, पिसवाच! पिसवांच्या सुमारे ५०० नव्या जातींचं वर्णन त्यांनी केलं. सुदानमध्ये मिळालेल्या एका पिसवेला १९०३ साली त्यांनी पिरॅमिडवाल्या चिऑप्स राजावरून ‘चिऑपिस’ हे नाव दिलं. १८९६ पासून मुंबईला हैराण करणारा प्लेग उंदरांकडून माणसांकडे नेणारी पिसू हीच, हे पुढे परळच्या प्रयोगशाळेत सिद्ध झालं.

त्या काळी एखादा दुर्मिळ पक्षी किंवा फूल वाचवायचं म्हणजे ते तोडायला-मारायला बंदी घालायची, एवढंच लोकांना सुचायचं. चार्ल्सचं म्हणणं वेगळं होतं. जागाच गेली तर प्राणी राहणार कुठे? पूर्व इंग्लंडमधल्या ‘फेन’ नावाच्या दलदली तेव्हा शेतीसाठी झपाट्याने कोरड्या केल्या जात होत्या. म्हणून १९१० साली त्यांनी वुडवॉल्टन फेन विकत घेतली. लव्हाळी, पाणी, मधूनमधून झाडी. व्यवहारी माणसाच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा! तिथे खांबांवर उभा, गवताने शाकारलेला एक बंगला बांधला. १९१२ साली संस्था काढली आणि १९१५ मध्ये जपण्यासारख्या २८४ जागांची यादी सरकारला दिली. पण महायुद्ध चालू होतं, यादी कोण वाचणार? त्यांनी वाट पाहिली नाही. १९१९ मध्ये वुडवॉल्टन फेन संस्थेला देऊन टाकली.

पुढे आजारपणाने त्यांना पार खचवलं. १९२३ साली, अवघ्या ४६ व्या वर्षी, त्यांनी स्वतःचं जीवन संपवलं. निसर्ग राखीव क्षेत्रांचा कायदा इंग्लंडमध्ये आला तो १९४९ साली. तो पाहायला चार्ल्स नव्हते.

आता सिव्हिलवाल्यांनी कान टवकारावेत. फेनची जमीन म्हणजे पीट, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर. पाणी काढलं की तो आकसतो, हवा लागून नष्ट होतो आणि जमीन खचते. जवळच्या होम फेनमध्ये १८५० च्या सुमारास जमिनीत पूर्ण गाडलेला लोखंडी खांब आज सुमारे ४ मीटर वर आलाय! वुडवॉल्टनच्या आसपासची शेतं अशीच खाली गेली आणि राखीव जागा उंचावर राहिली. साहजिकच पाणी बाहेर झिरपू लागलं. ते अडवायला १९७० च्या दशकात कडेने चिकणमातीचा बांध घालावा लागला. आणि २००१ पासून ‘ग्रेट फेन’ प्रकल्पात मधली शेतं घेऊन त्यांत पुन्हा पाणी मुरवणं चालू आहे, म्हणजे या दोन्ही फेन जोडल्या जातील. चार्ल्सचा तो बंगला अजून खांबांवर उभा आहे.