रमाबाई रानडे आणि दिवसाची झोप

रमाबाई रानडे म्हटले की पुष्कळांना ‘उंच माझा झोका’ या मालिकेतली चिमुरडी रमा आठवते. मला त्या आठवतात आमच्या वहिनीमुळे. वहिनी एका खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. रात्री आठ ते सकाळी आठ अशी नाइट करून ती वारज्याला परतते, तेव्हा हायवे गजबजलेला असतो आणि माळवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत नळाची, कुकरची, टीव्हीची घाई चाललेली असते.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी, १८७३ साली, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी शिकवायला सुरुवात केली ती रात्री. कारण दिवस घरकामाचा आणि वडीलधाऱ्या बायकांच्या बोलण्यांचा. म्हणजे ही विद्या त्यांना झोपेतून वेळ काढूनच मिळवावी लागली! १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणी वाचताना हे मला फार जाणवले. घरात पुस्तक उघडणारी पहिली मुलगी मीच, म्हणूनही असेल.

१९०१ साली रानडे वारले. काही काळ रमाबाईंनी घर सोडले नाही. पुढे त्या तुरुंगातल्या बायकांना भेटू लागल्या, १९०४ साली मुंबईच्या महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. पण त्यांचे खरे काम १९०९ साली पुण्यात आपल्याच वाड्यात सुरू केलेले सेवासदन. विधवांनी ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यावे, असे त्यांनी मनावर घेतले. हे धाडसच होते. परक्या रुग्णाला हात लावायचा, रात्र घराबाहेर काढायची, हे पांढरपेशा पुण्याला कसे रुचावे? रमाबाईंनी घरोघरची मने वळवली आणि शिकणाऱ्या बायकांसाठी वसतिगृहेही काढली.

या वसतिगृहांपाशी मी थांबले. बाईला रात्रीचे काम मिळवून देणे एक, आणि त्या कामानंतर तिला पाठ टेकायला जागा देणे दुसरे. वहिनीला पहिले मिळाले आहे. पाच-सहा नाइट झाल्या की एक सुट्टी आणि लगेच दिवसपाळी. शरीरातले घड्याळ उजेडावर चालते. ते रात्रीला सरावण्याआधीच पाळी बदलते. घरी येताना डोळ्यांवर पडणारे ऊन मेंदूला जागे व्हायला सांगते, म्हणून दिवसाची झोप तुटक आणि उथळ होते. त्यात पहाटे चारचा कडक चहा! त्याचा अंमल काही तास उतरत नाही. झोपेचे चक्र बिघडवणारे रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली जाहीर केले. हे मी वहिनीला अजून सांगितलेले नाही.

आणि आम्ही घरचे? दुपारी पाहुणे आले की वहिनीला चहाला उठवायला जाणारी मीच. दिवसा झोपणारी सून आळशी, असे शेजारणी आडून बोलत आणि मी ऐकून घेत असे. रमाबाईंच्या सासरच्या बायकांचा मला पुस्तकात राग आला. मग आठवले की मीही एक नणंदच आहे.

१९२४ साली रमाबाई गेल्या. १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल तिकीट निघाले. सेवासदनचे काम पुण्यात आजही चालू आहे.

आता आम्ही खिडकीला जुनी गोधडी लावली आहे. दुपारी दोनपर्यंत टीव्ही बंद. आईने एकच विचारले, मग सकाळची भांडी कोणी घासायची? सध्या मी घासते. परीक्षेच्या दिवसांत कोणी घासायची, हे अजून ठरलेले नाही. दादाचे नाव मी सुचवून ठेवले आहे.